हालचाल तिची, सुरुवातही तिची

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर झालेला कायमचा परिणाम. तिच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठर आहेत आणि हातांवरचा परिणाम त्या मानाने कमी आहे. या प्रकाराला स्पॅस्टिक डायप्लेजिया म्हणतात. अगदी लहान असल्यापासून तिची फिजिओथेरपी सुरू होती, पण ती सात वर्षांची झाल्यावर आम्ही तिला हालचाल आणि शिकणे यांची सांगड घालणाऱ्या एका कार्यक्रमात घातले. त्या कार्यक्रमात प्रत्यक्ष काय चालते, पालकाला कोणते निर्णय घ्यावे लागतात आणि कोणत्या गोष्टींकडे बारकाईने पाहावे लागते, हे सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. अशा कार्यक्रमांची माहितीपत्रके आश्वासक शब्दांनी भरलेली असतात, पण मुलाने नेमके काय करायचे आणि इतरांनी काय करायचे नाही, हे त्यांतून क्वचितच कळते.

सुरुवात मूल्यमापनाने झाली. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या स्थूल हालचालींचे पाच पातळ्यांत वर्गीकरण करतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १९९७ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर वापरली जाते. पहिल्या पातळीवरचे मूल आधाराशिवाय चालते आणि कठडा न धरता जिना चढते, तर पाचव्या पातळीवरच्या मुलाला डोके आणि धड सावरून धरणेही अवघड जाते. आमची मुलगी तिसऱ्या पातळीवर आहे. घरात आणि वर्गात ती वॉकर धरून चालते, पण लांबच्या अंतरासाठी तिला चाकांची खुर्ची लागते. याच गटातील संशोधकांनी २००२ मध्ये प्रत्येक पातळीवरच्या मुलांच्या प्रगतीचे आलेख मांडले. मूल आपल्या स्थूल हालचालींच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के भाग वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत, आणि पातळी जितकी गंभीर तितका अधिक लवकर, गाठते असे त्यांतून दिसले. सात वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांनी हे वाचल्यावर मनात काय येते, ते वेगळे सांगायला नको.

मूल्यमापन करणाऱ्या थेरपिस्टनी मात्र त्या आलेखाचा अर्थ आम्हांला शांतपणे समजावून सांगितला. वळणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे, पळणे अशा पायाभूत क्रिया त्या आलेखात मोजलेल्या आहेत. असलेल्या क्षमतेचे मूल काय करते, कोणत्या गोष्टी स्वतःच्या स्वतः करू लागते, किती वेळ थकल्यावाचून करू शकते आणि कोणाबरोबर करते, हे त्या रेषेत येत नाही आणि ते पाचव्या वर्षी थांबतही नाही. त्यांनी आणखी एक फरक दाखवला. थेरपीच्या खोलीत मूल जे करू शकते आणि घरी, शाळेत रोज जे करते, या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर असते. आमची मुलगी त्या खोलीत समांतर दांड्यांच्या आधाराने पाच पायऱ्या चढत असे. घरी मात्र एका पायरीसाठीही दोन्ही हात वर करून उचलून घेण्याची वाट पाहत असे. कार्यक्रमाचे काम हे अंतर कमी करण्याचे आहे, असे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले आणि माझा विश्वास तिथेच बसला.

हा कार्यक्रम निवडण्याआधी आम्ही आणखी काही ठिकाणी चौकशी केली होती. एका केंद्रात आम्हांला सांगण्यात आले की मुलीला टेबलावर पालथे झोपवून चार-पाच मोठ्या माणसांनी तिचे डोके, हात आणि पाय रांगण्याच्या लयीत हलवायचे, तेही दिवसातून अनेक वेळा, आणि त्यात खंड पडू द्यायचा नाही. वारंवार झालेल्या हालचालींमुळे मेंदूची घडी नव्याने बसते, असे त्यामागचे स्पष्टीकरण होते. या पद्धतीला पॅटर्निंग म्हणतात. अमेरिकेत ग्लेन डोमन आणि कार्ल डेलाकाटो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर तिचा प्रसार केला, आणि अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ मध्ये व पुन्हा १९९९ मध्ये निवेदन काढून तिच्या दाव्यांना पुरावा नसल्याचे आणि कुटुंबांवर तिचा फार मोठा भार पडत असल्याचे नमूद केले. तिथल्या एका मुलावर हा प्रयोग चाललेला आम्ही पाहिला. मोठी माणसे मनापासून राबत होती, घामाघूम झाली होती, आणि ते मूल छताकडे डोळे लावून गप्प पडून होते. त्या सगळ्या हालचालीत त्याची स्वतःची म्हणावी अशी एकही हालचाल नव्हती. आम्ही तिथे नाव नोंदवले नाही.

पुढे थेरपिस्टशी याविषयी बोलताना त्यांनी एका जुन्या प्रयोगाचा उल्लेख केला. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी १९६३ मध्ये अंधारात वाढवलेली मांजराची पिल्ले जोडीजोडीने एका फिरत्या यंत्राला जोडली. जोडीतले एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले आणि त्याच्या चालण्याने दुसरे एका पाळण्यात बसून तितकेच फिरे. दोघांच्या डोळ्यांपुढून सरकणारे दृश्य सारखेच होते. तरीही जे स्वतः चालले त्यालाच पुढे डोळ्यांच्या मदतीने पंजा नीट टेकवता आला आणि खोल दिसणाऱ्या कड्यापासून सावध राहता आले. पाळण्यातल्या पिल्लाला ते जमले नाही. पिल्लांवरून मुलांबद्दल थेट निष्कर्ष काढू नयेत हेही त्यांनी लगेच बजावले. पण सेरेब्रल पाल्सीच्या उपचारांचे जे मोठे आढावे गेल्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, त्यांचा रोखही त्याच दिशेने आहे. ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सर्व उपचारांना सिग्नलच्या दिव्यांप्रमाणे हिरवा, पिवळा आणि लाल अशा रंगांत मांडले. त्यात मुलाने निवडलेल्या उद्दिष्टाचा प्रत्यक्ष सराव, दोन्ही हातांचे प्रशिक्षण आणि घरचा नियोजित सराव या गोष्टी हिरव्या रंगात आहेत, आणि थेरपिस्टने मुलाचे शरीर हाताळून हालचाल दुरुस्त करण्याची मूळची निष्क्रिय पद्धत हिरव्यात नाही.

याचा अर्थ निष्क्रिय उपचारांना जागाच नाही असा नव्हे. आमच्या मुलीच्या पायांत घोटा योग्य कोनात धरणारे एएफओ नावाचे आधारसाचे असतात, पोटरीचे स्नायू आखडू लागले तेव्हा काही काळ प्लास्टर घालावे लागले होते, आणि त्या गोष्टी आवश्यक होत्या. ज्या पायाचा घोटा वर वळतच नाही, त्या पायाने शिकायचे तरी कसे? मात्र हाताने काही मिनिटे स्नायू ताणून त्याची लांबी टिकत नाही, हे आम्हांला स्पष्ट सांगण्यात आले. वर्षानुवर्षे तिच्या आईने रोज सकाळी मन लावून केलेल्या ताणण्यांतून त्यामुळे आम्हांला मोकळे होता आले, आणि वाचलेला तो वेळ पुढे फार उपयोगी पडला.

नंतरचा टप्पा उद्दिष्ट ठरवण्याचा होता. यासाठी वापरायच्या मुलाखतीत मूल आणि कुटुंब आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या क्रिया सांगतात आणि सध्या ती क्रिया किती जमते व त्याविषयी किती समाधान आहे, याला १ ते १० मधला आकडा देतात. माझे उत्तर तयार होते: वॉकरशिवाय चालणे. थेरपिस्टनी ते लिहून घेतले आणि मग मुलीकडे वळून तिला तोच प्रश्न विचारला. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "घसरगुंडीवर मला माझं माझं चढायचंय. बाबांनी उचलून ठेवायचं नाही." तिच्या उत्तराला माझ्या उत्तरापेक्षा अधिक वजन देण्यात आले, आणि त्यामागचे कारणही मला सांगण्यात आले. ज्या गोष्टीची मुलाला स्वतःला ओढ असते तिचा सराव मूल कोणी न सांगता करते, आणि सरावाची संख्या हाच शिकण्याचा कणा आहे.

मग त्या उद्दिष्टाची पट्टी तयार झाली. १९६८ पासून प्रचलित असलेल्या या पद्धतीत उणे दोन ते अधिक दोन अशा पाच पायऱ्या लिहून काढतात. आमच्या कागदावर उणे दोन म्हणजे प्रत्येक दांडीवर उचलून ठेवावे लागते. उणे एक म्हणजे कमरेला धरल्यास चढते. शून्य, म्हणजे अपेक्षित प्रगती, मागे मोठे माणूस उभे असताना पण त्याचा हात न लागता वरपर्यंत पोहोचते. अधिक एक म्हणजे वर पोहोचल्यावर स्वतः वळून बसते. आणि अधिक दोन म्हणजे मागे इतर मुले रांगेत उभी असतानाही हे सगळे करते. शेवटची पायरी मुलीनेच सुचवली. रांगेतली मुले "चल ना लवकर" म्हणतात आणि मग पाय आणखी ताठ होतात, असे तिचे म्हणणे होते. घाई आणि ताण यांमुळे स्नायूंचा ताठरपणा वाढतो हे मी वाचले होते. तिला ते आधीपासूनच ठाऊक होते.

सत्रे प्रत्यक्षात कशी चालत, त्यातला एक भाग मी जवळून सांगतो. खोलीत एक बुटकी लाकडी शिडी होती, तिच्या दांड्या कमी-अधिक अंतरावर बसवता येत. मुलगी शिडीपुढे वॉकर सोडून दोन्ही हातांनी बाजूचे खांब धरून उभी राहिली. थेरपिस्ट तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि त्यांचे हात स्वतःच्या मांडीवर होते. त्यांनी विचारले, "काय करायचं ठरवलंस?" ती म्हणाली, "हात वर, मग पाय वर." तिने हातांनी स्वतःला ओढले, उजवा पाय उचलला आणि पाऊल दांडीच्या खालीच अडकले. मांड्यांचे आतले स्नायू ताठ असल्यामुळे तिचा पाय वर जाताना आत वळतो आणि बोटे खाली झुकतात. मी नकळत पुढे झुकलो. थेरपिस्टनी माझ्याकडे न पाहता तळहात उभा करून मला थांबवले आणि मुलीला विचारले, "पाय कुठे अडला?" तिने मान वाकवून खाली पाहिले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. "दांडीखाली," ती म्हणाली. "मग आता?" तिने पुन्हा तसाच प्रयत्न केला आणि पाऊल पुन्हा तिथेच अडले. तिसऱ्या खेपेला तिने पाय उचलण्याआधी कंबर डावीकडे सरकवली, डाव्या पायावर भार दिला, आणि उजवा गुडघा आपोआप थोडा बाहेर आला. पाऊल दांडीवर टेकले. टाच टेकली नव्हती, पण पाऊल टेकले होते. "आधी इकडे उभं राहायचं," तिने डाव्या मांडीवर थाप मारत सांगितले, "मग तो पाय हलका होतो."

भार एका पायावर घेतल्याशिवाय दुसरा पाय मोकळा होत नाही, हे तिला याआधी कितीतरी वेळा सांगून झाले होते. आमच्या जुन्या व्यायामाच्या वहीत "वजन डावीकडे टाकणे" ही ओळ होती आणि तिची कंबर धरून ते आम्ही रोज करतही होतो. पण शिडीवर तिने ते स्वतः शोधले, आणि तेव्हापासून पलंगावर चढताना, खुर्चीतून उठताना, मोजा घालताना ती कंबर आधी सरकवू लागली. ध्येय, आखणी, कृती, तपासणी अशा चार टप्प्यांनी मुलाला स्वतःची युक्ती शोधू देण्याची ही पद्धत कॅनडातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे करता यावीत यासाठी मदत करणाऱ्या तज्ज्ञ) हेलेन पोलाटायको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळात हालचालींचा समन्वय कमी असलेल्या मुलांसाठी विकसित केली. तिच्यात मोठ्या माणसाने काय करावे यापेक्षा किती वेळ गप्प राहावे हे अधिक महत्त्वाचे असते. प्रश्न विचारल्यानंतरची ती शांतता मला सुरुवातीला असह्य होई. हालचालीची आखणी करायला तिच्या मेंदूला अधिक वेळ लागतो, आणि त्या वेळात मध्ये पडणारा प्रत्येक शब्द, प्रत्येक हात तिची चाललेली आखणी मोडतो, हे समजल्यावर मी सत्रात भिंतीला टेकून बसू लागलो.

मुलीत बदल घडवण्याइतकाच भर भोवतालची मांडणी बदलण्यावर होता. दांड्यांमधले अंतर कमी करणे, खांबाला जाडसर पकड बसवणे, बुटांचा तळ बदलणे, अशा गोष्टींना तिथे तडजोड मानत नसत. कॅनडातील एका अभ्यासात २०११ मध्ये लहान मुलांच्या दोन गटांची तुलना झाली. एका गटात मुलाच्या शरीरावर आणि कौशल्यांवर काम झाले, दुसऱ्यात फक्त काम आणि परिसर सोयीचे करून दिले गेले. दोन्ही गटांची प्रगती सारखीच झाली. हे वाचून मला फार हायसे वाटले, कारण स्टूल दोन बोटे खाली आणणे कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे.

घरच्या सरावाविषयी बोलताना थेरपिस्टनी जो आकडा सांगितला तो अजून माझ्या लक्षात आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन ॲडॉल्फ यांनी नुकत्याच चालू लागलेल्या बाळांचे निरीक्षण करून २०१२ मध्ये लिहिले की मोकळे खेळताना बाळ तासाला सरासरी २,३६८ पावले टाकते आणि १७ वेळा पडते. आठवड्यातील एखाद-दुसऱ्या सत्रात इतका सराव कधीच होणार नाही. म्हणून व्यायामाचा वेगळा तास काढण्याऐवजी आम्ही दिवसातल्या ठरलेल्या कामांत सराव पेरला. मोजे बुटक्या स्टुलावर बसून घालायचे, पलंगाच्या कडेने आडवे चालत दुसऱ्या टोकाचे पुस्तक आणायचे, दात घासताना एक हात बेसिनवर आणि भार दोन्ही पायांवर. शाळेच्या घाईच्या सकाळी यातले काहीही करायचे नाही, असाही नियम आम्ही केला. घाईत मी तिला मोजे घालून देतो आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. ज्या वेळी वेळ आहे त्या वेळी मात्र हात लावत नाही.

पडण्याविषयीही लिहायला हवे. आम्ही तिला पडू न देण्यात तरबेज झालो होतो. कार्यक्रमात तिला जाड गादीवर पडायला शिकवले: गुडघे सोडायचे, हात पुढे टेकायचे, बाजूला वळायचे, आणि मग कशाला धरून उठायचे ते आधी ठरवायचे. पडल्यावर उठण्याची युक्ती हाताशी आल्यावर तिची चाल थोडी मोकळी झाली, असे तिच्या आईचे निरीक्षण आहे आणि मलाही ते पटते.

एक सत्र गटात असे. त्यात बुडापेस्टमध्ये आंद्राश पेटो यांनी १९४०च्या दशकात सुरू केलेल्या कंडक्टिव्ह एज्युकेशन या शिक्षणपद्धतीतली एक रीत उचलली होती. मुले जे करणार ते आधी मोठ्याने म्हणतात आणि मग अंक मोजत करतात: "मी पाय जमिनीवर टेकवते, एक, दोन, तीन, चार, पाच." इतर पद्धतींपेक्षा ही पद्धत सरस असल्याचा ठाम पुरावा आढाव्यांमध्ये मिळालेला नाही, आणि हे आम्हांला आधीच सांगितले होते. तरीही आमच्या मुलीला त्याचा उपयोग झाला असे मला वाटते. पाचापर्यंतचा वेळ हक्काचा मिळत असल्यामुळे तिची घाई थांबे. त्याच गटातल्या एका स्वमग्न मुलाला मात्र सगळ्यांचा एकत्र आवाज सहन होत नसे. तो कान झाकून कोपऱ्यात जाई. त्याच्यासाठी मोजणी बंद करून जमिनीवर हलकी थाप देण्याची पद्धत सुरू केली आणि तो काही दिवसांनी परत गोलात येऊन बसला. डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाच्या आईकडून मला समजले की अशा बाळांना आधार देऊन लहान ट्रेडमिलवर रोज काही मिनिटे चालवल्यास ती लवकर चालू लागतात. डेल उलरिक यांच्या २००१ मधल्या अभ्यासात हा फरक सुमारे १०१ दिवसांचा होता. तिच्या मुलाचे स्नायू सैल, माझ्या मुलीचे ताठर. त्याला स्थिर होणे शिकायचे होते, तिला सैल होणे. सर्वांना एकच तक्ता देणाऱ्या कार्यक्रमाकडे मी आता साशंकपणे पाहतो.

पाण्यातली सत्रे हॅलिविक पद्धतीची होती. लंडनमधील एका शाळेतील अपंग मुलींना पोहायला शिकवताना जेम्स मॅकमिलन यांनी १९४९ पासून ही पद्धत घडवली. तिच्यात हवेने फुगवलेल्या पट्ट्या किंवा ट्यूब वापरत नाहीत. प्रत्येक मुलासोबत एक प्रशिक्षक असतो आणि आधार हळूहळू काढून घेतला जातो. पहिला धडा पाण्याजवळ तोंड आले की फुंकर मारण्याचा, म्हणजे श्वास आत न घेण्याचा. त्यानंतर पाण्याने शरीर एका अंगावर कलले की डोके वळवून परत उताणे कसे व्हायचे, ते खेळातून शिकवतात. जमिनीवर वॉकरशिवाय एक पाऊल न टाकणारी मुलगी छातीभर पाण्यात कशालाही न धरता चालली. पाण्याबाहेर ते तसेच उतरेल अशी आशा कोणी दाखवली नाही, आणि ते उतरलेही नाही. पण आठवड्यातून एकदा तिला मिळणारे ते चालणे मी केवळ तिच्या आनंदासाठीही चालू ठेवीन.

शिकण्याच्या बाजूबद्दल मला थोडे सावधपणे लिहायचे आहे. ठराविक व्यायाम केल्याने, हात-पाय शरीराच्या मध्यरेषेपलीकडे नेल्याने वाचन सुधारते किंवा बुद्धी वाढते असे दावे पुष्कळ ठिकाणी ऐकू येतात, आणि त्यांना विश्वासार्ह आधार नाही. आमच्या अनुभवात फरक पडला तो अधिक साध्या मार्गाने. वर्गात तिचे पाय लोंबकळत असत, त्यामुळे तोल सांभाळण्यासाठी डावा हात सतत बाकाची कड धरून ठेवी आणि वही सरकत राही. पायांखाली पक्की फळी आली, खुर्चीची खोली कमी केली, तेव्हा दुसरा हात वही धरायला मोकळा झाला आणि अक्षर ओळीत येऊ लागले. वजाबाकी जमिनीवर आखलेल्या अंकरेषेवर वॉकरने पुढे-मागे जाऊन शिकवली गेली. मागे चालणे तिला फार कठीण, म्हणून तिने स्वतः गोल वळून उलट दिशेने जाण्याचा मार्ग काढला आणि शिक्षिकांनी तो मान्य केला.

चाकांच्या खुर्चीचा निर्णय घरात सर्वांत जास्त चर्चिला गेला. तिसऱ्या पातळीवरच्या मुलाला चालण्यासाठी इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते. शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत वॉकरने गेल्यावर पहिल्या तासाला तिचे लक्ष लागत नसे. खुर्ची दिली तर चालणे सुटेल अशी भीती नातेवाइकांनी बोलून दाखवली. डेलावेअर विद्यापीठातील कोल गॅलोवे यांनी खेळण्यातल्या गाड्यांत बदल करून अगदी तान्ह्या मुलांनाही स्वतः फिरण्याची सोय करून दिली, त्यामागचा विचार आम्हांला इथे उपयोगी पडला: मुलाला हवे तिथे स्वतः जाता येणे हेच शिकण्याचे साधन आहे, मग ते पायांनी असो वा चाकांनी. आता ती लांबच्या वाटेला खुर्ची वापरते आणि वर्गात वॉकर. मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या मागे जाण्याचा वेग तिला खुर्चीनेच दिला.

एक वैद्यकीय बाब प्रत्येक पालकाने कार्यक्रमात विचारलीच पाहिजे, ती म्हणजे खुब्याच्या सांध्याची तपासणी. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे ३५ टक्के मुलांचा खुबा हळूहळू खोबणीतून सरकतो. पहिल्या पातळीवर हे प्रमाण जवळपास शून्य, तर पाचव्या पातळीवर सुमारे ९० टक्के. सुरुवातीला हे दुखत नाही आणि व्यायाम घेणाऱ्याच्या हातालाही नेहमी कळत नाही. ठराविक काळाने कंबरेचा एक्स-रे काढून मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे हे मोजावे लागते. तो भाग ३० टक्क्यांच्या पुढे गेला की अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा. आमच्या मुलीचा डावा खुबा उजव्यापेक्षा थोडा अधिक बाहेर आहे, म्हणून उभे राहण्याच्या चौकटीत तिचे पाय किती फाकवायचे हे त्या एक्स-रेवरून ठरवले गेले. कोणताही कार्यक्रम, मग तो कितीही चांगला असो, या तपासणीची जागा घेत नाही.

पहिल्या फेरीच्या शेवटी पट्टी पुन्हा समोर ठेवली. मुलगी घसरगुंडीवर कोणाचा हात न लागता चढते आणि वर जाऊन स्वतः वळून बसते. म्हणजे अधिक एक. रांग असली की ती अजून बाजूला थांबते आणि इतर मुले गेल्यावर चढते. वॉकरशिवाय चालण्याचे माझे उद्दिष्ट जिथे होते तिथेच आहे. थेरपिस्टनी रांगेचा प्रश्न शिडीवर न सोडवता गटात सोडवायचे ठरवले आहे: मागे उभ्या असलेल्या मुलाला "मला वेळ लागतो, थांब" असे सांगण्याचा सराव, आणि तोही चढता चढता, कारण बोलणे आणि चढणे एकदम करताना तिचा पाय आत वळतो. दुसऱ्या फेरीसाठी तिने पोहण्यानंतर ओले कपडे स्वतः बदलण्याचे उद्दिष्ट निवडले आहे. त्यासाठी कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतीला लागून बाक कोणत्या उंचीवर हवा आणि पकडायचा गज कुठे हवा, याची मापे पुढच्या भेटीत घ्यायची आहेत. ओला कपडा पायावरून ओढताना टाचेशी अडतो, तिथून सुरुवात करायची असे तिचे आणि थेरपिस्टचे ठरले आहे.